काळी, पांढरी आणि मधलं करडं

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग मानतात. वस्ती असते ती पांढरी आणि पिकतं ती काळी. पांढरकवड्याच्या तर नावातच पांढर आहे (नाव कशावरून पडलं हा वेगळा विषय, त्यात आत्ता शिरत नाही). शिवार मात्र काळंभोर. नागपूरहून हैदराबादला जाणारा रस्ता, म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ७ आणि आताचा ४४, इथून केळापूर तालुका ओलांडून पुढे आदिलाबादकडे उतरतो. दिवाळीनंतर या रस्त्याने गेलात तर दोन्ही बाजूंना काळ्या मातीवर फुटलेली पऱ्हाटी दिसते. डोळ्यांना ते दृश्य फार सुखाचं. कॅमेऱ्याला मात्र ते अजिबात झेपत नाही.

मी या भागात पुष्कळ फोटो काढले आहेत, आणि इतरांचे बिघडलेले फोटो त्याहून जास्त पाहिले आहेत. कॅमेरा हातात असलेल्या माणसाकडे लोक आपापले कॅमेरे घेऊन येतातच, घड्याळजीकडे बंद घड्याळं यावीत तसे. तक्रार बहुतेक वेळा एकच: "भाऊ, पांढरे येऊन राहिले फोटो." ही तक्रार किती जुनी आहे हे शोधायला गेलो आणि चांगला दीडशे वर्षं मागे जाऊन पोचलो. त्याचीच ही गोष्ट.

आधी थोडा हिशेब, त्याला इलाज नाही. फुटलेल्या बोंडातला कापूस अंगावर पडलेल्या उजेडापैकी सुमारे ऐंशी टक्के परत फेकतो. काळी माती जेमतेम दहा. म्हणजे एकाच उन्हात, एकाच चौकटीत आठपटीचा फरक. फोटोवाल्यांच्या भाषेत तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). आता त्यात वेचणारी बाई आणा. तिच्या डोक्यावरून पदर, पदराच्या सावलीत चेहरा. तो मातीहूनही आणखी खाली जातो. आपली नजर कापसावरून चेहऱ्याकडे वळताना बाहुली स्वतःला जुळवून घेते, मेंदूही मागून दुरुस्ती करतो, आणि आपल्याला पत्ता लागत नाही. कॅमेऱ्याला मात्र एका क्षणात एकच उत्तर द्यायचं असतं.

ते उत्तर तो कसं काढतो? त्याच्यातल्या मीटरला कापूस कळत नाही, मातीही कळत नाही. त्याला एवढंच शिकवलेलं असतं की जगातली कुठलीही चौकट सरासरीने मध्यम करडी असते, साधारण अठरा टक्के उजेड परत फेकणारी. (हा आकडा बारा-तेरा धरावा की अठरा, यावर तज्ज्ञांची जुनी भांडणं आहेत. आपल्याला फरक पडत नाही.) चौकटीत काळी माती जास्त आली की मीटरला वाटतं अंधार आहे. तो उजेड वाढवतो, माती करडी होते आणि बोंडांचे नुसते पांढरे ठिपके उरतात, त्यांतला धागा, पाकळी सगळं गायब. उलट जिनिंगच्या आवारात कापसाच्या ढिगासमोर उभे राहा. आता मीटरला वाटतं उजेड फार झाला. तो कमी करतो, आणि पांढराशुभ्र कापूस पावसात भिजल्यासारखा मळकट येतो.

इथे मला कायम ग्रेडर आठवतो. महाराष्ट्रात १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी योजना आली, आणि पुढची जवळजवळ तीन दशकं विदर्भातल्या शेतकऱ्याचं वर्ष खरेदी केंद्रावरच्या ग्रेडरच्या नजरेवर ठरत असे. गाडीतून मूठभर कापूस घ्यायचा, बोटांनी ओढून धाग्याची लांबी पाहायची, पानकचरा पाहायचा, रंग पाहायचा आणि प्रत सांगायची. त्या रंगावर भाव. कॅमेऱ्याचं मीटर ग्रेडर असतं तर त्याने पांढरा, पिवळट, डागी, सगळाच माल एका प्रतीत घातला असता, आणि केंद्रावर दंगल झाली असती!

तर इतिहास.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ मध्ये. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग निघाला. भाऊ दाजी लाड या सोसायटीत होते, त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी तर स्वतः उत्तम फोटो काढत. त्या वर्गातून बाहेर पडलेला हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतला नावाजलेला फोटोग्राफर झाला (तो पुढे आर्यसमाज आणि थिऑसॉफिस्टांच्या इतिहासातही भेटतो, तो किस्सा पुन्हा कधीतरी). फोटोग्राफीची घोषणा पॅरिसला झाली १८३९ मध्ये. म्हणजे अवघ्या सोळा वर्षांत ती मुंबईच्या कॉलेजात शिकवली जात होती. आपण मागे होतो वगैरे आपण स्वतःला फार सहज सांगतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

तेव्हाची पद्धत ओल्या काचेची. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये ती जाहीर केली. काचेवर कलोडियन ओतायचं, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच धुवायची. इथल्या उन्हाळ्यात हे म्हणजे काय दिव्य असेल! पण या काचेचा एक मूळचा दोष होता. तिला फक्त निळा आणि त्यापलीकडचा उजेड दिसे. हिरवा फारसा नाही, लाल तर नाहीच. झाडं, दगड, माती उमटेपर्यंत थांबावं तर तोवर निळं आकाश काचेवर जळून खाक. त्या काळातले देवळांचे, किल्ल्यांचे, घाटांचे फोटो पाहा. आकाश सपाट पांढरं, एक ढग नाही. कितीतरी वर्षं मला वाटायचं की हा हिंदुस्थानातल्या उन्हाचा परिणाम, गोऱ्या साहेबाला असह्य झालेला उजेड वगैरे. तसं काही नाही. इंग्लंडच्या ढगाळ हवेतल्या फोटोंतही आकाश असंच पांढरं आहे. दोष काचेचा होता.

यावर फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास एक युक्ती केली. समुद्राचा फोटो काढताना पाण्यासाठी एक काच आणि आकाशासाठी दुसरी, कमी उजेड दिलेली. दोन्ही क्षितिजावर जोडून एक चित्र. लोक थक्क झाले. काहींनी फसवणूकही म्हटलं असणार, लोक तेच आणि लोकांचं बोलणंही तेच. ही युक्ती लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

पुढे कोरड्या जिलेटिनच्या काचा आल्या. १८७८ मध्ये चार्ल्स बेनेटने त्या इतक्या वेगवान केल्या की झाकण काढून आकडे मोजायची पद्धत संपत चालली आणि सेकंदाच्या बारीक भागांचा हिशेब सुरू झाला. आता अंदाज चुकायला जास्त वाव. म्हणून इंग्लंडात एका रासायनिक कारखान्यातल्या दोघा हौशी मंडळींनी, फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफिल्ड यांनी, सरळ मोजमापच सुरू केलं. किती उजेड दिला की किती काळं होतं, हे त्यांनी १८९० मध्ये आलेखावर मांडलं. तो आलेख ही या सगळ्या इतिहासातली मला सर्वात आवडणारी वस्तू आहे. माणसासारखा आहे तो! खाली पाऊल, मध्ये सरळ चढ आणि वर खांदा. खांद्यापाशी गंमत आहे. उजेड वाढत जातो तसं काळं होणं मंदावत जातं, पण एकदम थांबत नाही. म्हणजे निगेटिव्हवर उजेड जास्त पडला तरी तपशील खांद्यावर दाटीवाटीने का होईना, उभे राहतात. छापताना त्या भागाला जास्त वेळ उजेड दिला की ते परत येतात. अंधाऱ्या खोलीत याला 'बर्न करणं' म्हणत. आज आपण पांढरा पडून गेलेल्या भागाला 'बर्न झाला' म्हणतो. एकच शब्द, नेमका उलटा अर्थ.

फाळक्यांनी फोटोग्राफीचं शिक्षण घेतलं होतं बडोद्याच्या कलाभवनात, त्यामुळे सिनेमाकडे वळताना उजेडाचं गणित त्यांच्या हातात होतं. १९१२ मध्ये दादरला 'राजा हरिश्चंद्र'चं चित्रीकरण झालं ते सूर्यप्रकाशात, मीटरशिवाय. फोटोसाठीचं विजेवर चालणारं मीटर वेस्टन कंपनीने बाजारात आणलं १९३२ मध्ये. त्याआधी सगळा कारभार नजरेचा.

आणि आपल्यासारख्यांच्या घरात मीटर त्यानंतरही कित्येक वर्षं आलंच नाही. आमच्या पिढीचा कॅमेरा म्हणजे आगफा क्लिक थ्री. न्यू इंडिया इंडस्ट्रीज तो बडोद्याला बनवत असे. एका रोलात बारा फोटो. त्यावर आकडे नव्हते, चित्रं होती: एक सूर्य आणि एक ढग. ऊन असेल तर सूर्याकडे, नसेल तर ढगाकडे फिरवायचं. संपलं. माझ्या मते शेतकऱ्यांच्या मुलखाला याहून योग्य कॅमेरा झाला नाही. आभाळाकडे बघून ठरवायचं काम इथे सगळ्यांना येतं. चुकून ढगावर राहिला आणि भर उन्हात फोटो काढला, तरी फिल्म सांभाळून घ्यायची. खांदा होता ना तिला.

स्टुडिओत वेगळा प्रकार. तिथे फोटोआधी चेहऱ्याला पावडर लावायची पद्धत होती, आठवत असेल. आरशाजवळ डबा आणि कंगवा ठेवलेलाच असे. आपण त्याला गोरेपणाची हौस म्हणून हसतो, आणि ती होतीही. पण दुसरीही एक बाजू आहे. नवऱ्या मुलाचा शर्ट पांढरा आणि चेहरा उन्हात रापलेला. दोन्ही एका कागदावर आणायचे तर शर्ट काळा करता येत नाही, मग चेहराच वर उचला. तिकडे अमेरिकेत कोडॅक कंपनी रंगीत छपाई जुळवायला प्रयोगशाळांना जी नमुन्याची कार्डं पाठवी त्यांवर वर्षानुवर्षं गोऱ्या बाईचा फोटो असे, त्यांना 'शर्ली कार्ड' म्हणत. सगळ्या जगाचे रंग तिच्या गालावरून जुळवायचे! मीटरचं करडं काय किंवा शर्लीचा गाल काय, कुठलातरी एक माल प्रमाण धरला की बाकीच्यांनी पावडर लावायची.

मग डिजिटल आलं. सीसीडी नावाची चकती बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ यांनी १९६९ मध्ये कल्पिली, त्याबद्दल त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. आपल्याकडच्या लग्नांत, सहलींत डिजिटल कॅमेरा दिसू लागला तो २००० नंतरच्या दशकात. ती चकती कशी चालते हे समजून घ्यायला पावसात अंगणात मांडलेल्या असंख्य वाट्या डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक वाटीत किती पाणी साचलं ते मोजायचं, झाला फोटो. वाटी भरली की भरली. त्यानंतर तास पडो की दोन तास, मोजणाऱ्याला एकच उत्तर मिळणार: भरलेली आहे. साध्या फोटोत हे उत्तर २५५ या आकड्याने लिहिलं जातं. मधल्या अठरा टक्क्यांची दुप्पट छत्तीस, तिची दुप्पट बहात्तर, आणि पुढे शंभराला भिंत. म्हणजे मधल्यापासून वर फक्त अडीच स्टॉपची जागा. इथे खांदा नाही, कडा आहे. कापूस त्या कड्यावरून खाली जातो तो कायमचा. उतू गेलेलं पाणी कधीकधी शेजारच्या वाट्यांतही शिरतं, जुन्या सीसीडी कॅमेऱ्यात सूर्याभोवती किंवा चकाकत्या पत्र्यावर उभी पांढरी रेघ यायची ती अशाच कारणाने.

आता "पांढरे येऊन राहिले" म्हणून आलेला कॅमेरा. मी आधी विचारायचो, घरात काढलेले चांगले येतात का? चांगले येत असतील आणि फक्त उन्हातलेच पांढरे, त्यातही थोडी जांभळी झाक आणि आडव्या रेघा असतील, तर सेटिंगमध्ये डोकं घालू नका. आतलं झाकण किंवा पडदा अडकला आहे. घरात उजेड कमी म्हणून पडदा उघडाच लागतो, दोष लपून जातो. भिंगात डोकावून बटण दाबलं की पापणी हलते का ते दिसतं. सगळीकडेच पांढरे येत असतील तर मात्र बहुधा कोणीतरी अधिक-उणेचं बटण अधिकवर ठेवलेलं असतं, किंवा आदल्या रात्रीच्या लग्नासाठी चढवलेला आयएसओ उतरवलेला नसतो. मीटर एकाच ठिपक्यावर मोजण्याच्या सेटिंगमध्ये अडकलेलं असणं हाही एक नेहमीचा प्रकार. तो ठिपका पडला काळ्या म्हशीवर की गेला फोटो. आणि एक छुपा प्रकार: कुंकू, झेंडू, भगवा फेटा. यांत लाल रंगाची वाटी एकटीच आधी भरते, उजेडाचा एकूण आलेख निर्दोष दिसतो आणि झेंडूचा मात्र नुसता केशरी चिखल होतो. ज्यांच्या कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचे आलेख वेगळे दिसतात त्यांनी ते पाहावेत.

हे सगळं दुरुस्त करण्यासारखं. न होण्यासारखं एक सांगतो.

२००६ मध्ये या भागात कॅमेरे फार फिरत होते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे यवतमाळ जिल्ह्याचं नाव देशभर झालं होतं. त्या वर्षी जुलैच्या सुरुवातीला पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. पेपरांत येणारे फोटो ठरीव: कुडाची किंवा मातीची भिंत, बाई, मुलं आणि हातात गेलेल्या माणसाचा फोटो. त्या फोटोतल्या फोटोकडे सहसा कोणी पाहत नसे. मी पाहायचो, सवय. बहुतेक वेळा तो पासपोर्ट आकाराच्या फोटोवरून ओढूनताणून मोठा केलेला असे.

त्यानंतर दोनेक वर्षांनी एक मुलगा सीडी घेऊन आला. वडील गेले होते. कसे गेले ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. सीडीत त्यांचा एकुलता एक डिजिटल फोटो. कोणा पाहुण्याने घराच्या दारात उभं करून काढलेला, दुपारचा. मागे दाराचा अंधार, चौकटीचा मोठा भाग काळा. मीटरने आपल्या धर्माप्रमाणे उजेड वाढवला होता. पांढरी टोपी, पांढरा सदरा आणि उन्हाकडचा अर्धा चेहरा, तिन्ही मिळून एक कोरा पांढरा आकार. दुसऱ्या बाजूचा कान, एक डोळा आणि अर्धी मिशी तेवढी शाबूत. "मोठा करून भिंतीवर लावाचा हाय," तो म्हणाला, "तेवढं तोंड आणून द्या." मी कॉम्प्युटरवर तो भाग काळा करत नेला. पांढऱ्याचा करडा झाला, पण सपाट करडा. तिथे २५५ शिवाय काही लिहिलेलंच नव्हतं. शाबूत अर्ध्यावरून उरलेला रंगवता आला असता, तसं करणारे आहेत. त्या मुलाने आरशात बघितल्यासारखा दोन्हीकडे सारखा बाप पाहिला असता. मला ते करवेना, आणि त्यालाही सांगितल्यावर नको वाटलं.

मग त्याच्या आईने पत्र्याच्या पेटीतून एक पाकीट काढून दिलं. लग्नानंतर वर्षभरात, म्हणजे १९८५ च्या आसपास, कोणाच्या तरी क्लिक कॅमेऱ्याने काढलेला फोटो. तोही पांढरा पडलेला, म्हणून तर पेटीत राहिला होता. पण सोबत निगेटिव्ह होती. उजेडाकडे धरली तर जवळजवळ काळीच. ती नागपूरला नेऊन नीट स्कॅन करून आणली, आणि त्या काळोखातून बाविशीतला माणूस हळूहळू वर आला. कपाळावरच्या आठ्या, गळ्यातला काळा दोरा, शर्टाच्या खिशातलं पेन, सगळं. सारा तपशील वीस-बावीस वर्षं तिथे खांद्यावर उभा होता.

तोच भिंतीवर लागला. पुढे त्या घरी गेलो तेव्हा पाहिलं, पंचेचाळिशीची बाई आणि तिच्या मागे भिंतीवर हार घातलेला तिच्या मुलाच्या वयाचा नवरा. ती म्हणाली, "असेच दिसत होते. मीच विसरली होती."

म्हणून डिजिटलमध्ये माझा नियम उलटा आहे. फिल्मवाले सांगत, सावलीसाठी उजेड द्या, वरचं छपाईत सांभाळू. मी पांढऱ्यासाठी उजेड ठरवतो आणि सावली नंतर उचलतो. कापसात उभं राहून काढायचा तर उणे दोन तृतीयांश, कधी उणे एक. फोटो काढला की लगेच आलेख पाहायचा, उजव्या भिंतीला ढीग टेकला नाही ना. सावलीतून चेहरा काढताना थोडे दाणे येतात, येऊ देत. जमलं तर दुपार टाळून साडेचारनंतर जायचं, पण वेचणीचा हिशेब किलोवर असतो. आपल्या फोटोसाठी बायांनी थांबावं किंवा वळून उभं राहावं अशी अपेक्षा करणं बरं नव्हे. चेहरा आणि कापूस यांतलं एकच वाचत असेल तर मी चेहरा वाचवतो. कापूस पुढच्या वर्षीही फुटतो.

आता तर मोबाईल हे सगळं स्वतःच करतो. २०१० नंतर हळूहळू सगळ्याच फोनांत ती सोय आली: एका दाबात कमी आणि जास्त उजेडाचे अनेक फोटो घ्यायचे आणि प्रत्येकातला चांगला भाग जोडायचा. म्हणजे ल ग्रेच्या दोन काचाच, फक्त जोडणारा हात दिसत नाही. मागच्या हंगामात पांढरकवड्याजवळच्या एका वावरात मी फोनने असा फोटो काढला. बोंडातला धागा न् धागा दिसत होता, पदराखालचा चेहरा उजळ, आकाश निळं, वर ढगही. शेताच्या मालकाला दाखवला. त्याने फोन हातात घेतला, बोटांनी मोठा केला, कापूस पाहिला, बाया ओळखल्या. मग खालच्या मातीवर येऊन थांबला. फोनने ती उचलून चांगली तपकिरी करून ठेवली होती.

"हे वावर आमचं नाही वाटत," तो म्हणाला. "आमची काळी हाय."